टर्बो गाडीला बाहेरचं काय बसवावं, काय नको

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे दीड वर्षाची फ्रॉन्क्स आहे, १.० लिटर टर्बो पेट्रोल, १९ हजार किलोमीटर झालेली. दर पंधरवड्याला कोल्हापूर-रत्नागिरी फेरी असते. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानदाराने टर्बो टायमर, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, ओपन एअर फिल्टर आणि ट्यूनिंग बॉक्स अशी यादी काढून दिली, सगळं मिळून ६५ हजार. शिवाय घरी वडिलांची २०१४ ची डिझेल सेडान आहे. तिचा दम गेलाय, म्हणून तिलाही एक बॉक्स लावावा का, हा दुसरा प्रश्न.

त्या ६५ हजारांतले ६० हजार तरी खिशातच राहू द्या. मी गॅरेज चालवतो, असलं सामान बसवून चार पैसे मलाही मिळतात, आणि एके काळी मिळवलेतही. म्हणून कारण नीट सांगतो.

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. बदललं ते त्यावरचं नियंत्रण. तुम्ही रेस देता तेव्हा गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, आधी ठरवतो की आत्ता किती दाबाची हवा हवी. मॅनिफोल्डवरचा, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीवरचा, सेन्सर खरा दाब किती झालाय ते त्याला सतत सांगत असतो. ठरलेला दाब आला की संगणक वेस्टगेट उघडतो आणि उरलेला वायू टर्बोला बगल देऊन सायलेन्सरकडे जातो.

एवढं कळलं की दुकानदाराची अर्धी यादी आपोआप गळते. साध्या, बिनटर्बोच्या गाडीत हवेची वाट मोकळी केली तर थोडी जास्त हवा आत जाते, हे खरं आहे. टर्बोच्या गाडीत वाट मोकळी केली तरी संगणक म्हणतो, मला हवा होता तेवढा दाब मिळाला, आता पुरे. टर्बोला मेहनत थोडी कमी पडते इतकंच. अगदी वरच्या आरपीएमला, जिथे टर्बोची स्वतःची ताकद संपत आलेली असते, तिथे थोडा फरक पडेल. पण आंबा घाटात तुम्ही गाडी साडेपाच हजार आरपीएमवर किती वेळ ठेवणार?

ओपन फिल्टरचं आणखी एक दुखणं आहे. कंपनीची हवेची नळी बहुतेक गाड्यांत जाळीच्या मागून, म्हणजे समोरून येणारी थंड हवा घेते. ओपन फिल्टर बॉनेटच्या आतलीच हवा ओढतो. मे महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मी दोन्ही जागी थर्मामीटरची वायर टाकून दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभा राहिलो होतो. जाळीमागे ४१ अंश, फिल्टरपाशी ६४. ढोबळ हिशेब असा की हवा दहा अंशांनी तापली की साधारण तीन टक्के विरळ होते. म्हणजे त्याने अकरा हजार रुपये देऊन गरम हवा विकत घेतली होती. इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी, यातला बराच भाग भरून काढतो, पण त्याच्यावर हे ओझं टाकायचंच कशाला? गाडी वेगात असताना हा फरक कमी होतो हेही सांगतो, नाहीतर तुम्ही हायवेवर मोजून मला खोटं पाडाल.

वर आपल्याकडची धूळ. शिरोली, गोकुळ शिरगावच्या रस्त्यांवर रोज जा-ये असेल तर जाळीदार कॉटनच्या फिल्टरमधून येणारी बारीक धूळ सरळ टर्बोच्या पंख्याच्या पात्यांवर आपटते. पंखा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. एवढ्या वेगात धूळ पॉलिश पेपरचं काम करते. जुना टर्बो उघडला की पात्यांच्या कडा बोटाला गोलसर लागतात, त्या अशा झिजतात. साधा कागदी फिल्टर वेळेवर बदला. चारपाचशे रुपयांत काम होतं.

आवाज हवा असेल तर गोष्ट वेगळी. ओपन फिल्टरने टर्बोचा श्वास ऐकू येतो आणि तो ऐकायला मजा येते, मी नाही म्हणणार नाही. फक्त ती मजा आहे, ताकद नव्हे, हे पैसे मोजताना लक्षात असू द्या.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची गोष्ट जवळपास अशीच. रेस सोडली की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी असलेली हवेची झडप, बंद होतो आणि दाबलेली हवा अडकते. ती टर्बोवर उलटू नये म्हणून तिला वाट द्यावी लागते. ही वाट कंपनीने दिलेलीच असते, फक्त ती हवा पुन्हा फिल्टरनंतरच्या नळीत सोडतात, म्हणून आवाज येत नाही. बाहेरचा व्हॉल्व्ह तीच हवा ‘फुस्स’ करून बाहेर टाकतो. ज्या गाड्यांत आत येणारी हवा सुरुवातीलाच सेन्सरने मोजलेली असते, तिथे संगणक त्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल टाकतो, पण हवा तर बाहेर गेलेली. मग गिअर बदलताना गाडी झटका देते, काळा धूर टाकते. आणि डिझेलला ‘डंप व्हॉल्व्ह’ म्हणून जे विकतात, त्याला तर माझा दंडवत. डिझेल इंजिन थ्रॉटल बंद करून चालतच नाही. काही डिझेलमध्ये झडप असते, पण चालताना ती बहुधा उघडीच. तिथे अडकणारी हवा नाही, सोडायचं काही नाही. ते यंत्र फक्त शिट्टी वाजवतं.

शिट्टीवरून आठवलं, दुकानदाराच्या यादीत नाही पण पुढच्या वेळी तो दाखवेल म्हणून आत्ताच सांगतो: ‘इलेक्ट्रिक टर्बो’. हवेच्या नळीत बसवायचा बारा व्होल्टचा पंखा. हिशेब करून बघा. तुमच्या इंजिनाएवढ्या इंजिनाला एक बार जादा दाब वरच्या आरपीएमला द्यायचा तर हवा दाबायलाच दहा किलोवॅटच्या आसपास ताकद लागते. बारा व्होल्टवर हे आठशे अँपिअरच्या वर जातं. तो पंखा पाच-दहा अँपिअर घेतो. ऑडीने २०१६ मध्ये एसक्यू७ ला खराखुरा विजेवरचा कॉम्प्रेसर दिला, तो सात किलोवॅटचा होता आणि त्यासाठी गाडीत ४८ व्होल्टची वेगळी यंत्रणा घालावी लागली. ऑनलाइन मिळणारा दोन हजारांचा पंखा उलट हवेच्या वाटेत आडवा उभा राहतो, आणि त्याचं पातं कधी तुटलं तर जातं कुठे, तुम्हीच विचार करा.

आता टर्बो टायमर, म्हणजे चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारं यंत्र. हा माझ्या जुन्या पापांपैकी एक. २००४-०५ च्या सुमारास पहिल्या स्कॉर्पिओंना मी हे भरपूर बसवले. त्यामागचं कारण खोटं नाही. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. पेट्रोल गाडीत त्याच्या एका टोकाला ९०० अंशांच्या पुढे तापलेला वायू असतो. घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद केलं तर ऑइलचा प्रवाह थांबतो, आणि जे आत राहिलं ते जळून कोळसा होतं. हाच कोळसा पुढे ऑइलची बारीक वाट तुंबवतो आणि टर्बो मरतो.

पण आजच्या पेट्रोल टर्बोला ऑइलबरोबर पाण्याचंही कूलिंग असतं. इंजिन बंद झाल्यावर टर्बोतलं गरम पाणी वर सरकतं, थंड पाणी त्याची जागा घेतं, आणि काही गाड्यांत तर एक छोटा विजेचा पंप पुढची काही मिनिटं चालूच राहतो. शिवाय तुमचा प्रवास बघा. रत्नागिरीहून येताना साखरप्यापासून आंबा घाट चढता, वर आंब्याला चहाला थांबता. इंजिन जास्तीत जास्त तापलेलं असतं ते नेमकं तिथेच. घाट संपल्यावरचा शेवटचा किलोमीटर हलक्या पायाने चालवा, गाडी लावली की पोरांना उठवून चपला शोधेपर्यंत मिनिटभर इंजिन चालू ठेवा. झालं टर्बो टायमरचं काम, फुकटात. गावातल्या गावात दूध आणायला गेलात तर तेवढीही गरज नाही.

टायमर बसवायचा तर इग्निशनच्या वायरी कापाव्या लागतात, म्हणजे वॉरंटीशी भांडण. आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: चालकाच्या जागी लायसन्सधारक माणूस नसताना इंजिन चालू ठेवून गाडी सार्वजनिक जागी उभी करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ नुसार मनाई आहे. टायमर नेमकं तेच करतो.

ट्यूनिंग बॉक्सपाशी मात्र जरा थांबू, कारण हा एकटाच भाग खरोखर काहीतरी करतो, आणि म्हणूनच धोकादायक आहे. वर म्हटलं तसं, दाब किती हे सेन्सर संगणकाला सांगतो. बॉक्स या दोघांच्या मध्ये बसतो आणि खोटं सांगतो. दाब खरा १.९ बार असेल तर तो संगणकाला १.७ दाखवतो. संगणक बिचारा म्हणतो, कमी पडतंय, अजून वाढवा. डिझेलमध्ये हाच खेळ रेलमधल्या, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतल्या, इंधनाच्या दाबाशी करतात. गाडी ओढते, यात शंका नाही. पण इंजिन वाचवण्याची सगळी व्यवस्था ज्या आकड्यावर उभी आहे, तोच आकडा आता खोटा आहे. डॉक्टरकडे जाताना थर्मामीटर बर्फात बुडवून न्यावा, तसं.

गेल्या वर्षी माझ्याकडे टोचन करून एक टर्बो पेट्रोल गाडी आली. कंपनी सांगत नाही, त्यात कंपनीचा दोष नव्हता. तीन सिलिंडरपैकी एकात कॉम्प्रेशन नाही. हेड उतरवलं, पिस्टन बाहेर काढला, तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेच्या मधली कड नखाएवढी तुटून गेलेली. मालकाला विचारलं, तर बॉक्स लावलेला, आणि सवय अशी की पाचव्या गिअरला १४००-१५०० आरपीएमवर गाडी असताना गिअर न पाडता पूर्ण रेस दाबायची, कारण आता ‘ओढते ना’. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांचं हे ठरलेलं दुखणं आहे: कमी आरपीएम, भरपूर बोजा, आणि ठिणगी पडण्याआधीच आतलं मिश्रण पेट घेतं. इंग्रजीत एलएसपीआय म्हणतात. पिस्टन वर येतोय आणि वरून हातोडा पडतोय. बॉक्सने दाब वाढवल्यावर हा हातोडा आणखी जड होतो. तुमचंही इंजिन थेट इंजेक्शनचंच आहे, म्हणून सांगतोय. बिल सव्वा लाखाच्या पुढे गेलं. बॉक्स त्याने बावीस हजाराला घेतला होता.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही स्वस्त. घाटात गिअर पाडायचा आळस करू नका. आणि ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच दर्जाचं घाला. अशा इंजिनांसाठीच २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे दर्जे आले, त्यात या आगाऊ पेट घेण्याची चाचणी आहे. डब्यावर ‘एसपी’ वाचता आलं पाहिजे. पावतीवर नुसतं ‘इंजिन ऑइल’ लिहून काय घातलं हे न सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नका. घाटाच्या फेऱ्या करणाऱ्यांचं ऑइल मी दहा हजार किलोमीटरची वाट न बघता साडेसात हजारांवर बदलतो.

मग रिमॅप? ते बॉक्सपेक्षा प्रामाणिक काम आहे. संगणकाशी खोटं न बोलता त्याचे आकडेच बदलतात, दाबाबरोबर इंधन, ठिणगीची वेळ सगळं जुळवून. चांगल्या हाताने केलेला रिमॅप वर्षानुवर्षं चाललेला मी पाहिलाय. पण कंपनीने मार्जिन उगाच ठेवलेलं नसतं. ते भेसळीच्या पेट्रोलसाठी, नागपूरच्या ४५ अंशांसाठी, आणि दोन वर्षं फिल्टर न बदलणाऱ्या माणसासाठी असतं. रिमॅप म्हणजे ते मार्जिन तुम्ही खर्चून टाकलंत. मग शिस्त तुमची. आणि मर्यादा नेहमी इंजिनाचीच असते असं नाही. फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये इंजिन कंपनीतून १७५ न्यूटन-मीटर द्यायचं, आणि त्यामागच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची झेपच २५० ची. इंजिनातून त्यापुढे काढलं तरी गिअरबॉक्सला ते पेलणार नव्हतं. मॅन्युअल गाडीत हेच क्लचप्लेट घसरून कळतं: आरपीएम वर पळतात, गाडी जागेवर, आणि घाटात करपलेला वास. वॉरंटी असेतो तर याचा विचारही करू नका, सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरला संगणकात ढवळाढवळ झाल्याचं कळू शकतं. विमा कंपनीला बदल कळवलाच पाहिजे, नाहीतर अपघातानंतर क्लेमच्या वेळी तुमचीच गाडी तुमच्याविरुद्ध साक्ष देते.

कायद्याचं एकदाच सांगून टाकतो. आरसीतल्या नोंदी उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळ्या होतील असा बदल कलम ५२ नुसार चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. कॅटलिटिक कन्व्हर्टर किंवा डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढून ‘स्ट्रेट पाइप’ टाकून द्या म्हणणारे रोज येतात. मी करत नाही. त्यातून निघणारा धूर माझ्याच गॅरेजसमोरच्या शाळेत जातो.

आता वडिलांची डिझेल. इथे मला खरं बोलायचंय. दहा वर्षांची टर्बो डिझेल ‘ओढत नाही’ म्हणून आली की दहातल्या पाच-सहा गाड्यांत टर्बो ठणठणीत असतो. हवा मध्येच गळत असते.

मागच्या पावसाळ्यात गारगोटीहून एक काका अशीच गाडी घेऊन आले. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना टर्बोच गेलाय, ४० हजार लागतील, असं सांगितलेलं. चढाला काळा धूर, अ‍ॅव्हरेज पडलेलं, आणि रेस दिली की बॉनेटखालून बारीक सुस्कारा. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजवर हात फिरवला. खालच्या बाजूला, डोळ्यांना दिसत नाही तिथे, ओलसर तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटून झालेला काळा लेप. एवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण या नळ्यांत थोडं तेल असतंच. म्हणून माझं घरगुती हत्यार काढलं: पीव्हीसी पाइपची टोपी, तिला मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवलेला. टर्बोच्या तोंडाला ती टोपी क्लॅम्पने आवळली, कॉम्प्रेसरवर रेग्युलेटर लावून अर्धा बार हवा सोडली, आणि होजवर साबणाचं पाणी मारलं. चिरेतून फेसाचा गोळा मुठीएवढा फुगला. काकांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला, मुलाला पाठवायला. होज आणि दोन नवे क्लॅम्प, मजुरीसह सत्तावीसशे रुपये.

अशा गळक्या गाडीला बॉक्स लावला असता तर काय झालं असतं? गळतीमुळे टर्बो आधीच जास्त वेगाने पळत होता, त्याला आणखी पळवलं असतं, वर इंधन वाढवलं असतं. मग खरोखरच टर्बो गेला असता आणि दोष त्याच्या वयावर ढकलला गेला असता.

होज ठीक असेल तर वेस्टगेटची किंवा व्हीजीटीची (आतल्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोची) व्हॅक्यूमची बारीक नळी बघायला सांगा. ती उष्णतेने कडक होऊन टोकाशी तडकते. त्यानंतर ईजीआर (जळका वायू थोडा परत इंजिनात सोडणारी झडप), मग इंटरकूलरच्या पापुद्र्यांत अडकलेली धूळ-किडे. पापुद्रे धुताना प्रेशर गन दुरूनच. जवळून मारली तर ते झोपतात, मग हवा जायला जागा राहत नाही. गाडी व्हीजीटीची असेल आणि कायम गावातच फिरत असेल तर आतली पाती काजळीने अडकतात. कधीकधी हायवेवर तास-दोन तास चांगली पळवून आणली तरी मोकळी होतात.

उरलेल्या पाच हजारांचं काय करायचं? हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळणारा ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा, ब्लूटूथ डोंगल घ्या आणि मोबाइलवर त्याचं अ‍ॅप टाका. त्यात ‘मॅनिफोल्ड प्रेशर’ दिसेल. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका: कोल्हापुरात साधारण ९५ किलोपास्कल (१०० म्हणजे एक बार) दिसेल आणि रत्नागिरीला १०१ च्या आसपास, कारण आपण समुद्रापासून पावणेसहाशे मीटर वर राहतो. इंजिन चालू करून न्यूट्रलला ठेवलंत की पेट्रोल गाडीत आकडा ३० ते ४० वर येतो. तिसऱ्या गिअरला तीन हजार आरपीएमवर पूर्ण रेस दिली की १७० ते २२० च्या दरम्यान कुठेतरी जाईल, गाडीप्रमाणे. तुमची गाडी निरोगी आहे तोवर हे तिन्ही आकडे डायरीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी गाडी सुस्त वाटली तर पुन्हा तपासा. वरचा आकडा तेवढाच असेल तर हवेची बाजू चोख आहे, प्लग, पेट्रोल किंवा क्लच बघा. घसरला असेल तर आधी होज. डॅशबोर्डवर चमकणाऱ्या बूस्ट मीटरपेक्षा हे स्वस्त आहे, आणि वायर एकही कापावी लागत नाही.

ऑइल कॅच कॅनबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. थेट इंजेक्शनच्या इंजिनात व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, त्यामुळे तिथे काजळी साचते, आणि कॅच कॅन ऑइलची वाफ थोडी अडवतो, हे बरोबर. पण तो वेळच्या वेळी रिकामा करायला लागतो, आणि करतो कोण? ज्यांना बसवून दिला त्यातल्या दोघांनी वर्षभर झाकण उघडलं नव्हतं. तुम्ही तसे नसाल तर वॉरंटी संपल्यावर बघू.

बाकी पैसे टायर आणि ब्रेकपॅडसाठी राखून ठेवा. घाट उतरताना टर्बो काही कामाचा नाही.

वडिलांची गाडी बॉक्स मागवण्याआधी एकदा त्या टोपीच्या तपासणीला आणा, किंवा जवळच्या गॅरेजला ही टोपी करून घ्यायला सांगा, साठ रुपयांचं सामान आहे. आणि फ्रॉन्क्सचे आकडे घेताना रेस तुम्ही द्या, मोबाइल शेजारच्याच्या हातात असू दे. शक्यतो घाटात नको, मलकापूरच्या अलीकडे रस्ता सरळ आणि मोकळा मिळतो.